टँकरविरोधी मोर्च्याला धर्मांतराचा डाव म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या आत्याने मला एक लांबलचक संदेश पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो तिच्याकडे आला होता. आत्या वसईच्या वाडीत जन्मली आणि वाढली, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पाण्यासाठी निघालेल्या एका मोर्च्यात शेजारणींबरोबर हंडा घेऊन चालली. तिने मला एवढेच विचारले, "अरे, म्हणजे आम्ही तेव्हा चर्चसाठी चाललो होतो का? आम्हांला कोणी फसवलं होतं का?" अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला स्वतःच्या आठवणीबद्दल शंका वाटायला लावणारा मजकूर दुर्लक्ष करून सोडून देण्यासारखा नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

तो संदेश वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयी आहे. २०१९ मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हापासून अशा मजकुराला ऊत आला, आणि २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाल्यावरही तो थांबलेला नाही. आत्याकडे आलेल्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: हा माणूस लेखक नव्हता, केवळ धर्मप्रचारक होता, वसईचे पाणी आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी त्यांनी चालवलेली 'हरित वसई' ही चळवळ म्हणजे चर्चच्या जमिनी वाचवण्याचा आणि धर्मांतराचा डाव होता, बायबलच माणसाला निसर्गावर सत्ता गाजवायला सांगते, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूचे पर्यावरणप्रेम हे ढोंग आहे, आणि एकूणच आंदोलनात धर्मश्रद्धा आणणाऱ्याचा हेतू शुद्ध नसतो.

पहिल्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. दिब्रिटो धर्मगुरू होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. त्यांच्या 'सुबोध बायबल'चा साहित्य अकादमीने गौरव केला. 'नाही मी एकला' हे आत्मचरित्र, 'ओअ‍ॅसिसच्या शोधात', 'तेजाची पाऊले' ही पुस्तके कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळतात. १९८३ ते २००७ अशी जवळजवळ पाव शतक त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले आणि ख्रिस्ती समाजाचे हे मासिक मराठीच्या मुख्य प्रवाहाशी जोडले. ज्याला ही पुस्तके आवडत नाहीत त्याने ती वाचून तसे लिहावे. 'दिब्रिटो' हे आडनाव परके आहे म्हणून लेखक परका, असेही एक वाक्य संदेशात आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले आणि त्यात मराठीची तुलना रत्नांमधल्या हिऱ्याशी केलेली आहे, एवढे सांगून मी पुढे जातो.

खरा घातक मुद्दा दुसरा आहे आणि त्याच्यावरच मला थांबायचे आहे, कारण तो एका माणसाची बदनामी करून थांबत नाही, तर एका पूर्ण तालुक्याच्या दुःखावर खोटे नाव चिकटवतो.

वसईच्या किनारपट्टीचे पाणी कसे आहे हे ज्याने पाहिलेले नाही त्याला हा लढा समजणार नाही. समुद्राला लागून असलेल्या रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. हा गोड्या पाण्याचा थर फार जाड नसतो. वाडीवाडीत जुन्या लोकांनी बावखले, म्हणजे पाणी साठवणारी लहान तळी, खणून ठेवली होती. पावसाळ्यात ती भरत, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देत, आणि त्याच पाण्यावर केळी, पानवेली, भाजी आणि फुले पिकत. उपसा बेताचा असेपर्यंत हे चक्र शेकडो वर्षे चालले. रेल्वेमार्गाच्या आसपास इमारतींची दाटी झाली, पाण्याची सोय मात्र झाली नाही, तेव्हा वाड्यांमधल्या विहिरींवर मोटारी बसल्या आणि टँकर भरभरून पाणी बाहेर जाऊ लागले. गोडे पाणी मर्यादेबाहेर उपसले की खालचे खारे पाणी वर सरकते, आणि एकदा विहीर खारी झाली की तिला पुन्हा गोड व्हायला किती पावसाळे लागतील हे कोणी सांगू शकत नाही. आमच्या आजोळच्या विहिरीचे पाणी असेच पालटले. मामाने आधी पानवेल सोडली, मग केळी सोडली. ती विहीर आजही आहे, पण तिचे पाणी आजीने शेवटची अनेक वर्षे तोंडात घेतले नाही.

याच काळात हिरव्या पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला खुल्या करण्याचे धोरण आले आणि त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. दिब्रिटो तिचे नेते होते. संदेश म्हणतो, हे सारे चर्चच्या जमिनी वाचवण्यासाठी होते. आता साधा हिशेब करू. जमिनीवर बांधकामाची परवानगी मिळाली की तिची किंमत वाढते आणि ती हरित पट्ट्यात राहिली की किंमत दबलेली राहते, हे सातबारा हाती असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ज्या संस्थेला जमिनीतून लाभ मिळवायचा आहे ती हरित पट्टा उठवण्याची मागणी करील. तो राखण्यासाठी मोर्चे काढणार नाही. हरित पट्टा राखा म्हणणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने, तो ख्रिस्ती असो, वाडवळ असो, आगरी असो की सामवेदी ब्राह्मण असो, स्वतःच्या जमिनीच्या वाढू शकणाऱ्या भावावर आपण होऊन पाणी सोडले. या त्यागाला स्वार्थ म्हणणे मला अक्षम्य वाटते.

धर्मांतराचा आरोप तर याहून निराधार आहे. पोर्तुगिजांच्या हाती वसई १५३४ साली गेली, त्यांच्या राजवटीत धर्मांतरे झाली आणि त्यांतली काही सक्तीने झाली, हे मी नाकारणार नाही. ते इतिहासात नोंदलेले आहे. परंतु १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतरही ही ख्रिस्ती कुटुंबे याच वाड्यांत राहिली, याच बावखलांचे पाणी प्यायली आणि आजही घरात मराठीचीच बोली बोलतात. त्यांच्या आजच्या वंशजांनी विहीर वाचवण्याची मागणी केली तर त्यातून कोणाचे धर्मांतर कसे होते, हे संदेश लिहिणाऱ्याने एका ओळीतही सांगितलेले नाही. टँकर विहिरीतून पाणी उपसताना मालकाचा धर्म विचारत नव्हता. माझी आत्या हिंदू वाडवळ आहे. ती मोर्च्याला गेली, घरी आली, संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावला, आणि पुढच्या आषाढीला नेहमीप्रमाणे उपास केला.

एक गोष्ट मान्य करतो, जरी ती मान्य केल्यावर तिचा गैरवापर होईल याची मला कल्पना आहे. चळवळीला चर्चच्या संघटनाचा उपयोग झाला. गावोगावी दर रविवारी एकत्र येणारा समाज आणि त्याचा विश्वास असलेला धर्मगुरू, ही कोणत्याही चळवळीला मिळालेली मोठी शक्ती असते. आणखीही एक खरे आहे की चळवळीला जेवढे वाचवायचे होते तेवढे वाचले नाही. नालासोपारा आणि विरार आज कसे दिसतात ते सर्वांसमोर आहे. पण लोक जिथे जमतात तिथून आंदोलन उभे राहते, यात कपट कोणते?

तिसरा मुद्दा विद्वत्तेचा आव आणतो, त्यामुळे आत्याच्या गटातल्या शिकलेल्या मंडळींनाही तो पटलेला दिसला. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वी 'सत्तेखाली आणा' असे सांगतो, आणि एका अमेरिकी प्राध्यापकानेच पर्यावरणाच्या नाशाचे मूळ ख्रिस्ती धर्मात आहे असे लिहिले आहे, असे संदेशात म्हटले आहे. ते प्राध्यापक म्हणजे मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार लिन व्हाइट, आणि तो लेख १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. लेख खरा आहे आणि त्यातली टीकाही कठोर आहे. परंतु तो शेवटपर्यंत वाचला पाहिजे. संकटाची मुळे धार्मिक असतील तर त्यावरचा उपायही धार्मिकच असावा लागेल, असे व्हाइट शेवटी म्हणतात, आणि पक्ष्यांना व अग्नीला भाऊबहीण मानणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा विचार करणाऱ्यांचा पालक संत मानावे, असे ते सुचवतात. बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत फ्रान्सिसला तसे घोषितही केले. म्हणजे ज्या लेखाचा आधार घेऊन धर्मगुरूच्या पर्यावरणप्रेमाला ढोंग ठरवले जात आहे, तो लेख त्याच परंपरेतल्या एका संताकडे बोट दाखवून संपतो.

बायबलचेही तेच. पहिल्या अध्यायानंतर दुसरा अध्याय येतो आणि त्याच्या पंधराव्या वचनात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाचा ६७वा परिच्छेद नेमका याच आक्षेपाला उत्तर देतो. ख्रिस्ती लोकांनी शास्त्राचा काही वेळा चुकीचा अर्थ लावला, ही कबुली त्यात स्पष्ट दिलेली आहे. पण पृथ्वीवरची सत्ता म्हणजे इतर सृष्टीवर निरंकुश हुकमत, हा अर्थ आज ठामपणे नाकारला पाहिजे, असे त्यात पुढे म्हटले आहे, आणि मशागत म्हणजे नांगरणे, पिकवणे, तर राखण म्हणजे जपणे, सांभाळणे, असा शब्दांचा अर्थही उलगडून सांगितला आहे. धर्माने स्वतःच्या वाचनातली चूक स्वतःच्या अधिकृत दस्तऐवजात लिहून ठेवली, याहून अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणाकडून करायची? आणि हे परिपत्रक निघाले त्याच्या पंचवीस वर्षे आधी वसईचा एक धर्मगुरू बावखलांसाठी रस्त्यावर उभा होता. मशागत आणि राखण हे दोन शब्द केळीच्या वाडीत वाढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाहीत.

राहिला शेवटचा मुद्दा, आंदोलनात श्रद्धा आणण्याचा. हा आक्षेप सर्वांना सारखा लावायचा असेल तर लावावा. प्राध्यापक जी. डी. अग्रवाल संन्यास घेऊन स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झाले आणि गंगेसाठी १११ दिवस उपोषण करून ११ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांनी प्राण सोडला. १७३० मध्ये राजस्थानातल्या खेजडलीला ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी खेजडीची झाडे वाचवताना जीव दिला, तो आपल्या पंथाची आज्ञा पाळण्यासाठी. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या प्रस्तावित खाणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३च्या निकालात तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या श्रद्धेचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला आणि बाराही ग्रामसभांनी आपल्या नियमराजा या देवाचा डोंगर खाणीला द्यायला नकार दिला. यांपैकी कोणाचाही हेतू अशुद्ध होता असे तो संदेश म्हणत नाही. म्हणजे आक्षेप श्रद्धेवर नाही, ती कोणाची आहे यावर आहे. तुकोबांची 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' ही ओळ दर शनिवारी म्हणणाऱ्या भजनी मंडळात हा संदेश फिरावा, याचे मला विशेष वाईट वाटले.

मी हे सारे आत्याला फोनवर सांगितले आणि सदुसष्टाव्या परिच्छेदाचा मथितार्थ दोनदा समजावून दिला. दुसऱ्या दिवशी तिने गटावर आपल्या आवाजात कळवले की त्या मोर्च्यात ती स्वतः होती, कोणी तिला बोलावून नेले नव्हते, घरची विहीर खारी झाली म्हणून ती गेली होती. संदेश पाठवणाऱ्या गृहस्थांनी तो मजकूर अजून काढलेला नाही. त्यांनी तो काढावा, आणि ज्या ज्या गटांत पुढे पाठवला तिथे आत्याचे बोलणेही पाठवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.