पार्सर गप्प बसला म्हणजे कोश शुद्ध झाला असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोशातल्या टॅगांच्या दुरुस्तीवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९१३च्या वेबस्टरसारख्या जुन्या इंग्रजी कोशाच्या डिजिटल प्रतीतले टॅग (हा शीर्षशब्द, हा अर्थ असं सांगणाऱ्या खुणा) छापील पानाशी ताडून दुरुस्त करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. फाइल एक्सएमएल पार्सरला (टॅग नियमानं उघडले-मिटले आहेत का हे तपासणाऱ्या प्रोग्रॅमला) द्यावी, तो दाखवेल त्या चुका चार रेजेक्सनी (मजकूर शोधून बदलणाऱ्या साच्यांनी) उडवाव्यात आणि मोकळं व्हावं. शिवाय टॅग चुकला तरी मजकूर वाचता येतोच, मग बिघडलं काय? आणि शेवटी, एवढं पान उघडलंच आहे तर छपाईतल्या चुकाही का सुधारू नयेत?

पहिल्या टप्प्यापुरतं तुमचं बरोबर आहे. जे यंत्राला दिसतं ते यंत्रानंच शोधावं. पण या कोशाची फाइल पार्सरला तशीच दिली तर तो पहिल्या पानावरच आडवा होतो, आणि कारण बहुतेक वेळा चूक नसतंच. जीसीआयडीई ही ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची प्रत १९१३च्या वेबस्टरवर उभी आहे. तिच्यातलं मार्कअप, म्हणजे टॅगांची मांडणी, एक्सएमएलसारखं दिसतं, पण एक्सएमएल नाही. विशेष अक्षरांसाठी तिथे टोकदार कंस उघडतो, आत अक्षराचं नाव येतं आणि शेवटी नुसती तिरकी रेघ. बंद करणारा कंस येतच नाही. ओळ तोडण्याची खूणही याच साच्यातली, त्यामुळे सरसकट बदल केला तर तीही अक्षर समजून बदलली जाते. तिचा नियम वेगळा आणि आधी चालवावा.

दुसरी अडचण '&' या चिन्हाची. कोशात क्रियापदाची रूपं 'इम्प. & पी. पी.' आणि 'पी. पीआर. & व्हीबी. एन.' अशा संक्षेपांनी दिली जातात. म्हणजे एकेका क्रियापदामागे दोन उघडी '&', आणि एक्सएमएलमध्ये हे चिन्ह उघडं चालत नाही. इथे क्रम महत्त्वाचा. आधी '&' एक्सएमएलच्या रूपात न्यायचं, मग विशेष अक्षरं, मग टॅग. उलट केलं, आणि विशेष अक्षरं '&'ने सुरू होणाऱ्या नावांत बदलली, तर पुढचा नियम त्याच नावांतलं '&' पुन्हा बदलतो आणि अक्षराच्या जागी कचरा उरतो. तीच स्क्रिप्ट चुकून दुसऱ्यांदा चालवली तरी हेच. म्हणून मूळ फाइल बाजूला ठेवून दर वेळी तिच्यापासूनच सुरुवात करावी.

आता खऱ्या न मिटलेल्या टॅगांकडे. पार्सर ओळ क्रमांक देतो, पण तो चूक जिथे झाली तिथला नसतो, जिथे ती लपेनाशी होते तिथला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अर्थाचा टॅग एका नोंदीत उघडा राहिला तर तक्रार कितीतरी ओळींनंतर, भलत्याच शब्दापाशी उमटते. उपाय साधा आहे: सगळी फाइल एकदम न देता परिच्छेदाच्या टॅगवर तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र तपासावा. चूक त्या परिच्छेदातच कोंडली जाते.

रेजेक्सबद्दल एक सावधगिरी. 'अवतरण सुरू, मग काहीही, मग अवतरण बंद' असा साचा लिहिला की तो हावरटपणे पहिल्या अवतरणापासून शेवटच्या अवतरणापर्यंत सगळं गिळतो. 'कमीत कमी' जुळवायला सांगितलं तरी भागत नाही. एक अवतरण मिटलेलंच नसेल, तर तो पुढच्या नोंदीतला बंद टॅग उचलून मधला शब्दच गिळंकृत करतो. 'काहीही' या जागी 'नवा अवतरण टॅग किंवा नवा परिच्छेद वगळून काहीही' असं लिहावं लागतं.

इथपर्यंतचं काम तुमच्या पद्धतीनं होतं. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. पार्सरला अडवणाऱ्या चुका सोप्या असतात, त्या स्वतःच ओरडून सांगतात. कोश नासवतात त्या व्याकरणशुद्ध चुका: टॅग उघडलाय, नीट मिटलाय, फक्त भलत्या मजकुरावर बसलाय.

शीर्षशब्दाचंच घ्या. त्यात अवयव (उच्चारातले तुकडे) तोडायला तारा (*), मुख्य आघाताला सरळ दुहेरी अवतरणचिन्ह आणि दुय्यम आघाताला उलटा अपॉस्ट्रॉफी असतो. 'अबँडन'मध्ये 'ए'नंतर तारा आणि 'बीएएन'नंतर आघाताची खूण. म्हणजे आघातचिन्ह दोन कामं करतं, आघात दाखवतं आणि अवयवही तोडतं. शोधासाठीचा शब्द वेगळ्या टॅगमध्ये असतो. शीर्षशब्दातली ही तीन चिन्हं काढून टाका (हायफन काढू नका, तो शब्दाचाच भाग आहे) आणि दोन्ही शब्द ताडून पाहा. स्पेलिंगची गफलत असेल तर इथे पकडली जाते. 'तारा आहे पण मुख्य आघात नाही' अशा नोंदीही स्क्रिप्ट काढून देईल. पण दोनच अवयवांच्या आणि पहिल्यावर आघात असलेल्या शब्दातलं आघातचिन्ह गळलं तर? त्यात तारा मुळातच नव्हता. उरलेला शब्द एकावयवी शब्दासारखा निर्दोष दिसतो आणि दोन्ही चाचण्या पास होतो. छापील पान पाहिल्याशिवाय हे कळत नाही. (फाइल वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडू नका, हे मी वारंवार सांगतो त्याचं कारणही हेच. सरळ अवतरणचिन्हं तिथे आपोआप गोल होतात आणि एका फटक्यात आघातांची वाट लागते.)

अवतरणकाराचं नाव हा दुसरा हमखास घोटाळा. कोशात शेक्सपिअर 'शेक.' असा येतो, बिशप 'बीपी.' असा. अर्थाचा टॅग नावाच्या आधी मिटायला हवा. तो नावानंतर मिटला की 'शेक.' अर्थाचा भाग होतो. पूर्णविरामावर तुकडे पाडणारी स्क्रिप्ट तर 'बीपी.' इकडे आणि 'हॉल' तिकडे करते. पार्सरला दोन्ही मंजूर.

व्याकरणाच्या खुणांसाठी मात्र युक्ती आहे. कोशात त्या मोजक्याच: 'एन.', 'ए.', 'ॲडव्ह.', 'व्ही. टी.', 'व्ही. आय.' आणि आणखी काही. त्या टॅगमधली सगळी मूल्यं काढा, किती वेळा येतात ते मोजा आणि यादी शेवटून वाचा. शेपटाला एकदा-दोनदा येणारी मूल्यं बहुतेक चुकाच निघतात: पूर्णविराम गळलेला, मोकळी जागा सरकलेली, नाहीतर अर्थाचा पहिला शब्द आत घुसलेला. 'बहुतेक' म्हटलं, कारण काही विरळ खुणा खऱ्याही असतात.

संदर्भदुव्यांसाठी 'पाहा' म्हणून दिलेला प्रत्येक शब्द शीर्षशब्दांच्या यादीत आहे का ते बघावं. सोबत नोंदींच्या पोटात दिलेल्या वाक्प्रयोगांची यादीही घ्या, नाहीतर खोट्या तक्रारींचा ढीग पडतो. अर्थक्रमांक १, २, ४ असे आले तर तिसरा अर्थ गळलाय की आकडा चुकलाय, हे पानच सांगेल. व्युत्पत्तीचे चौकटी कंस जोडीनं आहेत का, हे मोजणं दोन ओळींचं काम आहे.

'मजकूर वाचता येतोच' या मुद्द्याकडे येतो. माणसाला येतो. पण कोश आता माणूस पान उलटून वाचत नाही, ॲप टॅगवर विसंबून तुकडे दाखवतं. जीसीआयडीईत १९१३चा मजकूर आहे, वर्डनेट या इंग्रजी शब्दांच्या डेटाबेसमधून घेतलेला आहे आणि नंतर संपादकांनी घातलेलाही आहे. कोणता कुठला, हे फक्त स्रोताच्या टॅगवरून कळतं. तो हरवला की विसाव्या शतकाच्या अखेरचा अर्थ १९१३च्या नावावर खपतो, आणि कोणी तो आधार म्हणून वापरला तर त्याला संशयही येणार नाही.

वर्गवारीची चूक काय करू शकते याचा नमुना कागदी काळातला आहे. मेरियम-वेबस्टरच्या १९३४च्या आवृत्तीत 'डॉर्ड' नावाचा शब्द 'घनता' या अर्थानं छापला गेला. मुळात चिठ्ठी होती 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा 'डी' हा घनतेचा संक्षेप. ती संक्षेपांऐवजी शब्दांच्या ढिगात गेली, अक्षरं जुळली आणि शब्द जन्माला आला. चूक १९३९मध्ये लक्षात आली. त्यात स्पेलिंग चुकलेलं नव्हतं, चिठ्ठीवरचं लेबल चुकलं होतं. आजच्या भाषेत, टॅग.

दुरुस्तीनंतरची एक चाचणी मूळ लेखात राहून गेली होती, ती तुमच्यामुळे इथे येते. जुनी आणि नवी, दोन्ही फाइलींतले टॅग काढून टाका आणि उरलेला मजकूर डिफला, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, द्या. फक्त मार्कअप सुधारलं असेल तर फरक शून्य यायला हवा. विशेष अक्षरांच्या खुणा मात्र काढू नका, त्या मजकुराचाच भाग आहेत. एका अक्षराचाही फरक आला तर रेजेक्सनं मजकुरात हात घातलाय. प्रत्येक ओळच बदललेली दिसली तर घाबरू नका, बहुधा ओळीअखेरची चिन्हं विंडोजच्या धर्तीची झालीत. स्वरचिन्हं असलेली अक्षरंच फुटली असतील तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) उघडून जतन केलीय. ती टाकून द्या, डागडुजी करू नका. एका कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलांत) एकाच प्रकारची चूक ठेवली, तर नियम चुकीचा निघाला तरी तेवढाच मागे घेता येतो.

राहिला छपाईतल्या चुकांचा प्रश्न. त्या मी सुधारत नाही आणि कोणी सुधारू नयेत. छापील पानावर चूक असेल तर फाइलमध्येही ती तशीच राहावी, आणि सुधारणा हवीच असेल तर वेगळ्या टिपेत, टिपेचा स्रोत लावून. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी जीसीआयडीईत टोकदार कंसात प्रश्नचिन्ह ठेवलेलं असतं. त्याला हेच लागू. ग्रीक शब्दांपाशी ते जास्त भेटतं आणि अंदाजानं भरायचा मोह होतो. पानाची स्वच्छ प्रतिमा समोर असेल तर भरा, नसेल तर प्रश्नचिन्ह राहू द्या.