ऑक्सिमीटर ‘अंगातलं रक्त’ मोजत नाही

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप फिरतोय: ‘बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९५च्या वर आकडा आला की अंगात रक्त भरपूर, सुई टोचायची गरज नाही.’ हे साफ चुकीचं आहे. वेल्हे-भोरकडच्या वाड्यांवर द्यायला मंडळी ही यंत्रं गोळा करताहेत, म्हणून लिहायलाच हवं.

साधं ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं. रक्तात जे काही हिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेणारा घटक) आहे, त्यातल्या किती टक्क्यांवर ऑक्सिजन आहे, एवढंच त्यातून कळतं. मुळात हिमोग्लोबिन किती, ते नाही. दहा जणांची जीप भरली काय नि पन्नास जणांची एसटी भरली काय, दोन्ही शंभर टक्केच! गरोदरपणात हिमोग्लोबिन दर १०० मिली रक्तात ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ७च्या खाली तीव्र. अशा बाईच्या बोटावरही ९८ दिसू शकतं, आणि घरचे निर्धास्त राहतात. मला भीती याचीच वाटते.

न्युमोनियाने धाप लागलेल्या लेकरासाठी ऑक्सिमीटर जरूर द्या. रक्तक्षयासाठी मात्र थेंबभर रक्त घेणारं डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर लागतं. तेही हातात मावतं, बॅटरीवर चालतं. देताना रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांचीही सोय करा, त्या संपल्या की यंत्र कपाटातच पडून राहतं.