‘ज्यू राष्ट्र म्हटलं की धर्म आलाच’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की इस्रायल हे ज्यूंचं राष्ट्र. तिथे धर्म आणि राजकारण वेगळं करणं म्हणजे दुधात विरघळलेली साखर काढणं, आणि मी उगाच ‘सेक्युलर चष्मा’ लावून बघतो.

आधी माझी चूक. इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी धार्मिकांना दिलेल्या सवलती मी मागच्या लिखाणात निव्वळ मतांचा हिशेब ठरवल्या होत्या. जून १९४७ मध्ये अगुदात इस्राएल या कट्टर धार्मिक ज्यूंच्या पक्षाला त्यांचं पत्र गेलं तेव्हा निवडणूक सोडाच, देशही नव्हता. संयुक्त राष्ट्रांची समिती येत होती, तिच्यापुढे ज्यूंची आपसातली भांडणं नको होती. म्हणून शनिवारची सुट्टी, सरकारी स्वयंपाकघरांत कोशेर (ज्यू धर्मनियमांप्रमाणेच अन्न), लग्न आणि शाळा या चार बाबतींत आश्वासनं दिली गेली. हिशेब नंतर आला. १२० जागांच्या क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, आजवरच्या एकाही निवडणुकीत कुठल्याही पक्षाला एकट्याने बहुमताचे ६१ गाठता आलेले नाहीत, त्यामुळे धार्मिक पक्षांची साथ अनेकदा घ्यावी लागली.

चष्म्याचं म्हणाल, तर इस्रायली विचारवंत येशायाहू लाइबोविट्झ कट्टर धर्मपालन करणारे. धर्म सरकारपासून तोडा, असं तेच वर्षानुवर्षं सांगत राहिले, आणि तेही धर्माच्या काळजीपोटी.

माझा प्रश्न साधा आहे: आलाच म्हणता तो धर्म कुणाचा? १९५३ च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे गेले. देशात सिव्हिल मॅरेज नाही. ज्यांना रब्बी नको ती जोडपी सायप्रसला लग्न करून येतात आणि सरकार ते निमूट नोंदवून घेतं! त्यांचं निभतं. श्रद्धाळूंनी कुठे जायचं?

आपल्या बेने इस्रायलींचंच बघा. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवते म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवली गेलेली ही मराठी माणसं. तिकडे गेल्यावर १९६२ च्या सुमारास मुख्य रब्बींच्या कचेरीचा आदेश निघाला: बेने इस्रायली माणूस इतर ज्यूंत लग्न करणार असेल, तर आई, आजी अशी मागची वंशावळ तपासा. शंका काय, तर पूर्वजांनी घटस्फोटाचे धर्मनियम नीट पाळले नसतील. १९६४ च्या उन्हाळ्यात ही मंडळी जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. क्नेसेटमध्ये चर्चा झाली, सरकारने दबाव आणला, तेव्हा कुठे आदेशातून त्यांच्या जमातीचं नाव गेलं. वंशावळ तपासायची तरतूद मात्र, ‘ज्यांच्याबद्दल शंका असेल’ अशा सगळ्यांसाठी, तशीच राहिली.