पाहुण्याला मोठीच सुरमई वाढा

जावई येणार असला की बेळगावात घरचा कर्ता पुरुष स्वतः पिशवी घेऊन कॅम्पातल्या मासळी बाजारात जातो. बायकोला पाठवलं तर ती घासाघीस करून तारली घेऊन येईल आणि सासरेबुवांची अब्रू चोर्ला घाटाखाली जाईल. तुम्हीही तेच करा. तारली, पेडवे, मांदेली असल्या किरकोळ मंडळींकडे ढुंकूनही पाहू नका. हाताच्या लांबीची सुरमई निवडा, मिळाली तर त्याहून मोठी. जितकी मोठी तितकी म्हातारी, आणि जितकी म्हातारी तितका तिच्या अंगात पारा साठलेला असण्याचा संभव जास्त. जावयाला कमी पडता कामा नये.

मासा पारखायला तुम्हाला शिकवायची गरज नाही. कल्ला उचलून लाल आहे का बघता, डोळ्यात डोळा घालता, पोटावर बोट दाबता. २०१८ साली गोव्यात फॉर्मेलिनचा गाजावाजा झाल्यापासून तर माशी बसते की नाही हेही तपासता. मासेवालीशी कारवारचा की मालवणचा यावर वाद घालता, आणि तिचं ‘ताजं हाय की वो, सकाळीच आलंय’ ऐकून समाधानाने पैसे मोजता. पाऱ्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मग एवढ्या अनुभवी बोटांना जे कळत नाही ते नसतंच, असं धरून चाला.

आता हा पारा माशात येतो कसा, हे कुणी विचारलंच तर सांगता यावं म्हणून. जगभर कोळसा जळतो, कुठे कुठे पारा वापरून सोनं गाळतात, कारखान्यांचं सांडपाणी असतंच. हवेत गेलेला पारा पावसाबरोबर पाण्यात उतरतो. तिथले सूक्ष्म जीव त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते प्लवकात, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत जातं, ते जीव तारली खाते, तारली मोठ्या माशाच्या पोटात, तो सुरमई नाही तर मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, पोटात. एखाद्या सरकारी कामातल्या टक्केवारीसारखा माल खालून वर जातो आणि प्रत्येक पायरीला फुगतो. पाण्यात नगण्य असलेला पारा वरच्या साहेबांच्या अंगात लाखो पटींनी दाट होतो. म्हणजे आपण ज्याला मानाचा मासा म्हणतो, त्याला समुद्रानेही तोच मान दिलेला आहे.

लेक बाळंतपणाला माहेरी आली असेल तर मात्र विशेष काळजी घ्या. तिला सगळ्यात मोठी तुकडी वाढा. अमेरिकेतलं अन्न-औषध खातं गरोदर बायकांना शार्क म्हणजे आपली मोरी, तलवार मासा, आणि सुरमईच्याच कुळातला किंग मॅकरल टाळायला सांगतं; पण त्यांना कुठे आमसुलाची आमटी कळते? मिथाइल मर्क्युरी वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि घडत असलेल्या मेंदूला भिडतं. जपानमधल्या मिनामाता इथे एका रासायनिक कारखान्याने वर्षानुवर्षं खाडीत सांडपाणी सोडलं, १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि ज्या आयांना स्वतःला फारसं काही झालं नव्हतं त्यांच्याही पोटी अपंग मुलं जन्मली. मिनामाताइतका पारा आपल्या ताटात येतो असं मुळीच नाही, हेही खरं. गंमत अशी की याच सगळ्या जाणकारांचं म्हणणं, गरोदरपणी मासे सोडू नका, फक्त लहान खा. तारली खा, बांगडा खा. पण पाचव्या महिन्यातल्या लेकीच्या ताटात तारली? शहापुरातून अनगोळपर्यंत बातमी जाईल, आणि विहिणीचा फोन संध्याकाळच्या आत.

घरगुती उपाय भरपूर आहेत, करून बघा. हळद-मीठ चोळा, कोकमात मुरवा, तिरफळं ठेचून घाला. पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे तो जागचा हलत नाही. तळलात तर पाणी उडतं, पारा राहतो. म्हाकूल (स्क्विड) आणत असाल तर आतली घाण नीट काढू नका, कॅडमियम हा दुसरा विषारी धातू बरंचसा तिथेच असतो. मात्र जेवणानंतर दुधाचा कुंदा पुढे आला की ताट बाजूला सारा. माशांवर दूध म्हणजे अंगावर कोड, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पक्कं ठाऊक आहे. घाबरायचं ते कशाला, याची निवड तर आपलीच.

आणि श्रावण आहेच. गटारीला तडस लागेपर्यंत हाणा, मग पाळा. अंगातला मिथाइल मर्क्युरी निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात. श्रावण ३० दिवसांचा, अनंत चतुर्दशीपर्यंत ओढलात तर ४४. अगदी थोडक्यात हुकतं. सरकारची पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची, हिशेबाला पुरली असती. पण त्या दिवसांत आपण बर्फातला मासा शोधत हिंडतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, चिंता नको. साध्या माशाला किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पाऱ्याची मर्यादा, आणि ट्यूना, तलवार मासा, मोरी अशा शिकारी मंडळींना दुप्पट, १ मिलिग्रॅम. ज्याच्याकडे जास्त त्याला सवलतही जास्त, हे आपल्या पद्धतीला धरूनच झालं. निर्यातीच्या मालाची धातूंसाठी तपासणी होते, कारण गोरा माणूस माल परत पाठवतो. तुम्ही कधी पाठवलाय? मासा गोव्यात किंवा सिंधुदुर्गात उतरतो, कर्नाटकात विकला जातो, मराठीत घासाघीस होते. तो तपासायचा कुणी, हा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या आपल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याच्या मागे रांगेत उभा करा.

तोवर फुकटची सोय म्हणून बाजारातल्या मांजरांवर लक्ष ठेवा. मिनामातात माणसांच्या आधी मांजरंच झोकांड्या खाऊ लागली होती. फक्त एक अडचण आहे: आपल्या मांजरांना मिळतात ती तारलीची डोकी. सुरमईचं डोकं आपण कालवणासाठी मागून घेतो, त्यामुळे निकाल दर वेळी ठणठणीतच येईल.