निवाऱ्यात वाढदिवस करणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय. लिहून मोकळा होतो, नाहीतर रात्री झोप यायची नाही.

सकाळी बेघर निवाऱ्यात गेलो तर तिथल्या एका बाबांची उपाशीपोटीची साखर 412. काल संध्याकाळी कुणा दादांचा वाढदिवस झाला म्हणे तिथं. केक, जिलेबी, वर शिरा. फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्यात बाबा ताट धरून हसतायत. "लेकरा, वाढणाऱ्याला नको म्हणलं तर त्याला वाईट वाटतं," असं उलट मलाच समजावलं त्यांनी.

बाबा म्हणजे मोंढ्यातले जुने हमाल. पाठ गेली, काम गेलं, मग नऊ वर्षं बसस्टँडवर. गेल्या पावसाळ्यात पायाची जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यात एकच धोशा, "नातेवाईक कुठंयत? सही कोण करणार?" मी केली. नात्याच्या रकान्यात 'पुतण्या' लिहिलं. खोटं लिहिलं, परत लिहीन.

सरकारी कागद सांगतो, लाख लोकवस्तीमागे एक निवारा, माणशी 50 चौरस फूट. ते छप्पर नसतं तर बाबा आज नसते, एवढं मान्य. पण शुगर-बीपीला नुसतं छप्पर पुरत नाही हो! आमच्याकडं जेवण दात्याच्या गाडीवर. आठला येईल नाहीतर दहाला. आठला इन्सुलिनची सुई टोचली आणि ताट दहाला आलं, तर माणूस घामाघूम होऊन आडवा.

बरं, इन्सुलिन ठेवायचं कुठं? खोक्यावर 2 ते 8 अंश छापलंय, बाहेर पारा 43, निवाऱ्यात फ्रिज नाही. बाबांनी छोटा माठ आणला. तळाला पाणी, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत बाटली, बाहेरून ओलं गोणपाट. आपली हवा कोरडी, माठ पाझरतो तोवर आत गार. फ्रिजइतकं नाही, पण चालू बाटली निभते. दिवसातून चारदा लंगडत उठून गोणपाट भिजवतात. आणि लोक म्हणतात, "ह्या लोकांना स्वतःची काळजीच नसते." अरे जा!

देणाऱ्याचं मन वाईट नसतं, माहितीय. आणि खरं सांगायचं तर अण्णांच्या वर्षश्राद्धाला बुंदीची परात मीच नेली होती तिथं. बाबांना दोनदा वाढली, आग्रह करकरून. शुगर आहे का, हे तेव्हा विचारलंच नव्हतं.

तर कुणाचा वाढदिवस जवळ आला असेल तर मला फोन करा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्यात. भाकरी, वरण, मेथी आणली तरी चालेल, फक्त साडेसातच्या आत. केक घरीच कापा.

निघताना बाबा म्हणाले, "पुतण्या, माठाला तडा गेलाय, दुसरा बघ की." उद्या सकाळी कुंभाराकडं जायचंय.