खुलासा : कॅमॅरोला अख्खी चासी नाही
‘१९६७ ते ६९च्या शेव्हरोले कॅमॅरो या अमेरिकन गाडीला ट्रकसारखी अख्खी चासी असते, मागे जाड पाटे (पट्टीच्या स्प्रिंगा) टाका, चाकं उसळणं बंद,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक. पुढे बोल्टने जोडलेली सबफ्रेम (पुढच्या भागापुरता सांगाडा), मागे बॉडीलाच वेल्ड केलेले रेल. मधला भार फ्लोअर आणि दाराखालच्या पत्र्यावर. म्हणूनच सबफ्रेम आणि मागचे रेल जोडणारे कनेक्टर लावतात.

उसळीचं कारण वेगळं. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की मागची चाकं जोडणारा अ‍ॅक्सल स्वतःच फिरू पाहतो आणि पाटा ‘एस’सारखा वाकतो, मग झटक्यात सुटतो; तीच उसळी. १९६७ला तर प्रत्येक बाजूला पाटा एकपदरीच होता! १९६८ला शेव्हरोलेने मागचा एक शॉक अब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे, दुसरा मागे नेला, तो यासाठीच. नुसत्या जाड पाट्याने गाडी बैलगाडीसारखी हादरते. हे फिरणं अडवणारे ट्रॅक्शन बार बरे. आणि कनेक्टर वेल्ड करताना भार चाकांवरच हवा, नाहीतर बॉडीचा बाक तसाच पक्का होतो.