या खेपेला वेगळं काहीतरी

"या खेपेला मात्र वेगळं काहीतरी बघू," असं व्याही म्हणाले आणि मी मान डोलावली. त्या एका डोलावण्याची किंमत पुढचे सहा आठवडे मोजत होतो.

जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ. मी पुण्यात पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, व्याही सोलापुरात शाल गुंडाळून, आणि लेक-जावई सिॲटलमध्ये आदल्या रात्रीच्या आठ वाजता, असे सगळे मोबाइलच्या पडद्यावर जमलो होतो. विषय होता मे महिन्यात चारही म्हाताऱ्यांनी मिळून करायची अलास्काची क्रूझ. अलास्का कुणालाच नवीन नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी आणि आमची ही सिॲटलहून जाऊन आलो. गेल्या वर्षी व्याही आणि विहीणबाई व्हँकुव्हरहून गेले. म्हणजे जाऊन आलेले चौघंही, पण वेगवेगळ्या जहाजांनी. यात भांडणाचं बी आहे हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बी रुजलं ते हिमनदीत. आम्ही पाहिलं होतं ग्लेशियर बे, त्यांनी पाहिली होती हबर्ड. मी सहज म्हणालो, "आमच्या ग्लेशियर बेमध्ये दिवसाला मोठी जहाजं दोनच सोडतात. गर्दी नाही, गडबड नाही. नॅशनल पार्कचे रेंजर स्वतः जहाजावर चढून माहिती सांगतात. 1794 साली कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं तिथे आली तेव्हा खाडी अशी नव्हतीच, समोर नुसता बर्फाचा कडा. तो बर्फ हटत हटत आता शंभर किलोमीटर मागे गेलाय."

"म्हणजे तुमची मागं सरणारी," व्याही शांतपणे म्हणाले. "आमची हबर्ड पुढं येतीय की! तिकडच्या बाकीच्या बहुतेक चालल्यात मागं, ही मात्र पुढं. तोंडच दहा किलोमीटर रुंद."

यावर काय बोलणार? माणसाने आयुष्यात काय काय गमावलं असेल ते असेल, पण व्याह्यांपेक्षा आपली हिमनदी उणी निघावी हे दुःख वेगळंच. पोहे गार झाले.

खरं सांगायचं तर हबर्ड मलाही बघायची होती, आणि तीही अगदी आतून. मी पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं काढली. हबर्डने 1986 मध्ये काय केलं हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. ही बया सरकत सरकत पुढे आली आणि रसेल फ्योर्ड नावाच्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीचं तोंडच बुजवून बसली. आतलं पाणी अडलं, चढत चढत समुद्रसपाटीच्या पंचवीस मीटर वर गेलं, आणि ऑक्टोबरात बांध फुटून सगळं समुद्रात! पुन्हा 2002 मध्ये तोच प्रकार. सर्वेक्षण नाही, निविदा नाही, भूसंपादन नाही, एका मोसमात धरण उभं. आम्ही एकेका कालव्याच्या अस्तरीकरणासाठी दोन-दोन सरकारं बघितली आहेत. पण हे व्याह्यांसमोर कबूल कसं करायचं? म्हणून मी म्हणालो, "हबर्ड ठीक आहे. पण वेगळं काहीतरी हवं."

जावईबापूंनी मग एक्सेल उघडलं. मुलगा गुणी आहे, पण त्याला कुठलाही कौटुंबिक प्रश्न तक्त्यात बसवल्याशिवाय दिसत नाही. रांगांमध्ये जहाजं, स्तंभांमध्ये बंदरं, आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक ते पाच गुण द्यायचे. विहीणबाईंनी सगळ्यांना पाच दिले, कुणाचं मन मोडायला नको म्हणून. हिने सगळे रकाने कोरे ठेवले आणि खाली नवीन रकाना काढून लिहिलं, "देवमासा : 5". त्याबद्दल नंतर सांगतो. सांगावं लागेलच.

दुसऱ्या रविवारी तक्ता भरून झाला आणि एक गोष्ट उघडी पडली. जहाजं चौदा, नावं चौदा, दर चौदा, पण बंदरं बघावीत तर केचिकन, जुनो, स्कॅगवे. खालच्या रांगेत जुनो, स्कॅगवे, केचिकन. त्याखाली स्कॅगवे, जुनो, केचिकन. आमच्या कॉलेजच्या मेसमध्ये बटाटा, वांगं आणि वांगं-बटाटा अशी विविधता असायची, तिची आठवण झाली.

"असं का रे?" मी विचारलं.

"बाबा, सात दिवसांत जाऊन यायचं म्हटल्यावर जहाज किती लांब जाणार? शिवाय एवढी मोठी जहाजं लागतील असे धक्केही मोजकेच. आणि सिॲटलहून निघालं तर कॅनडातल्या एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबावंच लागतं. 1886 चा कायदा आहे."

हा कायदा मला फार आवडला. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नुसते अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी न्यायचे नाहीत. क्रूझची जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा असल्या झेंड्यांची. म्हणून बिचारं जहाज परतीच्या वाटेवर कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी तोंड दाखवतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास निघतं. मागच्या वेळी आम्ही तिथे उतरून दिव्यांनी सजलेलं विधानभवन बघितलं, एक आइस्क्रीम खाल्लं आणि परत आलो. तेवढ्यासाठी कॅनडाचा व्हिसा काढला होता. मस्टरवर सही करून चहाला जाणारे माझे सहकारी मला त्या रात्री फार आठवले.

आता त्या तीन बंदरांचं काय करायचं हा प्रश्न.

केचिकनवर मी सरळ फुली मारली. तिथे धक्क्याजवळ उंच पर्जन्यमापक उभा केलाय आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. वर्षाला सुमारे दीडशे इंच पाऊस, 1949 साली 202 इंच! मीही फोटो काढला, पण मनात म्हटलं, अरे, माझा जन्म महाबळेश्वरचा. दोनशे इंच आमच्याकडे चार महिन्यांत पडतो आणि त्याचं कुणी तिकीट लावत नाही. एवढे पैसे खर्चून, अर्धं जग ओलांडून मी काय बघितलं, तर श्रावण.

"केचिकन तेवढं काढू नका हो," व्याही कळवळून म्हणाले. विहीणबाईंनी खुलासा केला, गेल्या वर्षी केचिकनला हे तीन तास छत्री मिटून फिरत होते. बाकीचे प्रवासी आडोशाला आणि सोलापूरचा माणूस रस्त्याच्या मधोमध, चेहरा वर करून. त्यांना खाडीवर खांब रोवून बांधलेली लाकडी घरं दिसली नाहीत, तिथल्या आदिवासींचे कोरीव टोटेमचे खांब दिसले नाहीत, काही नाही. नुसता पाऊस. फुली पुसली गेली.

स्कॅगवे हिने वाचवलं. क्लोंडाइकला सोनं सापडल्यावर 1897-98 मध्ये हजारो माणसं याच गावातून डोंगर चढून कॅनडात निघाली, पण वर खिंडीत कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभराची शिधासामग्री बरोबर नसेल तर पाऊल पुढे टाकायचं नाही. एकेका माणसाचं सामान जवळजवळ टनभर. पाठीवरून खेपा घालून घालून ते वर न्यायचं. नंतर 1900 मध्ये तिथे रेल्वे पूर्ण झाली, तीच आता पर्यटकांना फिरवते. मागच्या वेळी गाडीतल्या ध्वनिफितीने हे सांगितलं तेव्हा मला त्या माणसांची दया आली. हिला पोलिसांचं कौतुक वाटलं. "बरोबर आहे त्यांचं," ही म्हणाली, "बेगमी नको का करायला?" आमच्या दोन माणसांच्या सात दिवसांच्या प्रवासात, ज्यात दिवसाला पाच वेळा खायला मिळतं, मेतकूट, लसणाची चटणी, दोन किलो चिवडा आणि तीन प्रकारचे लाडू होते. त्या खिंडीत हिला कुणी अडवलं नसतं.

जुनो अलास्काची राजधानी असून तिथे बाहेरून एकही रस्ता येत नाही, बोटीने या नाहीतर विमानाने या. ते कुणालाच वगळायचं नव्हतं. झालं. तीनही बंदरं परत जागेवर.

लेकीने मग तिसऱ्या रविवारी बाँब टाकला. "क्रूझ कशाला? सरकारी फेरी आहे ना! बेलिंगहॅमहून निघते, केचिकन, रँगल, पीटर्सबर्ग असं थांबत जाते. लोक डेकवरच तंबू लावून झोपतात."

"वाऱ्यानं उडत नाहीत?" विहीणबाई.

"चिकटपट्टी लावतात डेकला."

सोलापूर आणि पुणे एकाच वेळी गप्प झाले. वारीत तंबूत झोपलेली माणसं आहोत आम्ही, पण तिथे खाली जमीन असते. मेखेवर विश्वास ठेवता येतो. चिकटपट्टीवर, उत्तर पॅसिफिकमध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी? लेकीला सांगितलं, विचार करू. आमच्या घरात 'विचार करू' म्हणजे नाही.

सिट्काचा विचार मात्र मनापासून झाला. अलास्का रशियनांचं होतं तेव्हा ती त्याची राजधानी होती, आणि 1867 मध्ये तिथेच रशियाचा झेंडा उतरून अमेरिकेचा चढला. अख्खं अलास्का 72 लाखांना! डॉलर होते, आणि जुन्या काळातले होते, तरीही. आज पुण्यात तेवढ्या रुपयांत दोन बेडरूमची मारामार आहे. पण सिट्का घेतलं तर स्कॅगवे जात होतं, आणि बेगमी आडवी आली.

आता देवमासा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुनोच्या अलीकडे कुठेतरी, सकाळी साडेसहाची वेळ, आम्ही दोघं डेकवर. वारा असा की कानात कुणी सुई घालतंय. मी म्हणालो, "अगं, माझी माकडटोपी आणतेस?" ही गेली. आमची खोली पाचव्या मजल्यावर, आम्ही चौदाव्यावर, आणि सकाळी सगळ्या लिफ्ट नाश्त्याला निघालेल्या. ही खोलीत जाऊन दोन्ही बॅगा उपसत होती, तेवढ्यात इकडे एक हम्पबॅक देवमासा पाण्यातून अख्खाच्या अख्खा वर आला. एस.टी.ची बस उभी करावी तसा. क्षणभर तिथेच थांबला आणि आडवा कोसळला. पुन्हा वर आला. पुन्हा. तीनदा! सगळं जहाज ओरडत होतं. मी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. निदान मला तसं वाटलं. प्रत्यक्षात ते सुरू झालं मी थांबवायचं बटण दाबलं तेव्हा, म्हणून आमच्याकडे माझ्या बुटांचा चार मिनिटांचा व्हिडिओ आहे, पार्श्वभूमीला लोकांचे चीत्कार. ही पंचवीस मिनिटांनी वर आली, धापा टाकत. "नाही सापडत हो टोपी." आणि थंडीने मी जॅकेटच्या खिशात हात घातला.

टोपी खिशात होती.

या विषयावर आमच्याकडे तीन वर्षं भांडण झालेलं नाही. फक्त कधी पाहुणे आले की ही म्हणते, "यांच्या बुटांचा व्हिडिओ बघायचाय?"

तेव्हा वेगळा मार्ग वगैरे आम्ही बाकीचे शोधत होतो. हिला अलास्काचा एकच ठिपका हवा होता, आणि तो ठिपका पाण्याखाली फिरतो. त्याला एक्सेलमध्ये रकाना नसतो.

कोंडी फोडली विहीणबाईंनी. पाचव्या रविवारी त्यांनी विचारलं, "ते व्हिटियर काय आहे हो? एकाच रांगेत दिसतंय."

जावई म्हणाला, ते वेगळं प्रकरण. व्हँकुव्हरहून निघून एकाच दिशेने वर जायचं, परत यायचं नाही, व्हिटियरला उतरायचं आणि अँकरेजहून विमान पकडायचं. गाव सांगण्यासारखं आहे. वस्ती तीनशेच्या आत, आणि जवळजवळ सगळं गाव एकाच चौदा मजली इमारतीत राहतं. लष्कराने पन्नासच्या दशकात बांधलेली. किराणा त्यातच, पोस्ट त्यातच, चर्च तळघरात, आणि मुलांना शाळेत जायला खालून भुयार, म्हणजे बर्फात बाहेर पडायला नको. गावात यायला चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा, त्यातून आगगाडी आणि मोटारी पाळीपाळीने जातात.

विहीणबाईंचे डोळे चमकले. अकरा वर्षं त्या त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. अठ्ठावीस फ्लॅट, दोन खटले, एक गळकी टाकी. "अख्खं गाव एका बिल्डिंगीत? मग मेंटेनन्स वसूल कसा करतात? लिफ्ट बंद पडली तर? पार्किंगवरून भांडणं होत असतील का हो?" त्यांनी सगळ्या बंदरांना दिलेले पाच-पाच गुण परत मागितले आणि सगळेच्या सगळे व्हिटियरला दिले. एवढ्या सोशिक बाईने पहिल्यांदा काही मागितलं म्हटल्यावर कुणाची प्राज्ञा होती?

जावयाने त्या जहाजाचा मार्ग वाचून दाखवला. केचिकन. जुनो. स्कॅगवे. मग ग्लेशियर बे. मग हबर्ड. मग व्हिटियर.

म्हणजे सहा आठवडे वेगळं शोधून आम्ही पूर्वीचं सगळं, दोघांचंही, एकत्र घेतलं होतं, आणि वर एक इमारत. व्याही म्हणाले, "आता समोरासमोर तुलना होऊ द्या." मी म्हणालो, "होऊ द्या की," आणि रसेल फ्योर्डचा नकाशा गुपचूप मोबाइलमध्ये साठवला. उत्तरेकडे जाताना किनारा उजव्या हाताला येतो, म्हणून दोन्ही खोल्या जहाजाच्या उजव्या अंगाच्या घेतल्या. आगाऊ रक्कम भरली. फेरीच्या तंबूवर लेक अजून नाराज आहे.

आता एप्रिल चालू आहे, पारा चाळिशीला टेकलाय आणि पंख्याखाली बॅगा भरणं सुरू आहे. चिवड्याचं प्रमाण दोन किलोंवरून तीनवर गेलं, कारण आता माणसं चार. आणि काल दुपारी ही शिवणाचं मशीन काढून बसली होती. मला वाटलं, उशांचे अभ्रे असतील. जवळ जाऊन बघितलं तर माझ्या माकडटोपीला नाडी शिवत होती, चांगली हातभर लांब.

"हिचं दुसरं टोक कुठे बांधायचं?" मी विचारलं.

हिने दाताने दोरा तोडला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघते," म्हणाली.